तळ्याकांठचें घर

हल्लीं वर्तमानपत्रांतील घरांच्या जाहिराती चाळल्या तर एक गोष्ट डोळ्यांत भरल्यावांचून राहत नाहीं. देऊळ जवळ आहे, शाळा जवळ आहे, बाजार जवळ आहे, असें पूर्वीं सांगत असत. आतां त्या सर्वांच्या वर ठळक अक्षरांत 'लेक व्ह्यू' हे दोन शब्द छापलेले असतात. तलाव दिसणारें घर! मग तो तलाव दिवाणखान्यांत बसून दिसतो कीं गच्चीच्या कठड्याशीं टांचा उंच करून उभें राहिल्यावर दिसतो, हा तपशील जाहिरातींत येत नाहीं. गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांतून व भेटीस येणाऱ्या मंडळींच्या बोलण्यांतून हाच विषय वारंवार निघाला. पाण्याजवळ घर असावें, तें आपल्या ऐपतींत असावें आणि त्यांत सगळें कुटुंब मावावें, अशी ही तिहेरी इच्छा आहे. ती पुरी होईल काय, याचा विचार या खेपेस करावा असें आम्हीं योजिलें आहे.

पाण्याजवळ राहण्याची हौस मनुष्यास नवी नाहीं. तथापि नदीकांठीं आणि तळ्याकांठीं आमचीं गांवें वसलीं तीं शोभेसाठीं नव्हेत, घागर भरण्यासाठीं. विहिरी, तळीं, धर्मशाळा, आमराया यांस आमच्या धर्मशास्त्रानें 'पूर्त' अशी संज्ञा देऊन यज्ञयागादि 'इष्टा'च्या पंक्तीस बसविलें. पैठणाहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टांनीं सतराव्या शतकांत 'भगवंतभास्कर' नांवाचा बारा मयूखांचा ग्रंथ रचिला. त्यांतील 'उत्सर्गमयूख' हा भाग तळीं-विहिरी लोकांस अर्पण करण्याच्या विधीसंबंधीं आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणें. ज्यानें पदरचें द्रव्य खर्चून तळें खणविलें त्यानेंच त्यावरील आपलें स्वामित्व सोडावयाचें, व तें पाणी प्राणिमात्राचें झालें असें म्हणावयाचें. त्यानंतर यजमानहि तेथें इतरांसारखाच एक पाणी भरणारा. या दृष्टीनें पाहतां, दुसऱ्यानें खणविलेल्या तळ्याचें दर्शन चौरस फुटाच्या दरांत मिसळून विकणाऱ्यांच्या धाडसाचें कौतुकच केलें पाहिजे.

उदाहरणासाठीं आम्ही नागपूर घेतों. एक तर तेथें तळीं पुष्कळ. आणि दुसरें असें कीं मुंबई-ठाण्यांत ज्या आशेचें नांव काढण्याचें धैर्य होत नाहीं, ती मध्यम स्थितीच्या कुटुंबास नागपुरांत अजून बाळगतां येते. बख्त बुलंद शाह या गोंड राजानें १७०२ च्या सुमारास हें शहर वसविलें. त्यामागून आलेल्या चांद सुलतानाच्या कारकीर्दींत जुम्मा तलाव झाला. त्यालाच लोक शुक्रवारी तलाव म्हणतात व आतां त्याचें नांव गांधीसागर आहे. फुटाळा, सोनेगांव, सक्करदरा हे तलाव भोसल्यांच्या काळचे म्हणून सांगतात. अंबाझरी व गोरेवाडा यांचें पाणी तर शहर कित्येक वर्षें प्यालें. पुढें कन्हान नदीचें व पेंच प्रकल्पाचें पाणी नळानें घरोघर आलें, आणि आमच्या मतें तेथूनच तळ्यांचे दिवस फिरले. पिण्याच्या पाण्यांत कोणी घाण सोडूं लागला तर सारें गांव त्याच्या अंगावर धांवून जातें. नुसत्या पाहण्याच्या पाण्यासाठीं कोण धांवणार? नाईक तलाव व लेंडी तलाव अतिक्रमणानें आक्रसत गेले, आणि अंबाझरीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरूं लागला. तोच गालिचा एखाद्या जाहिरातींत 'हिरवाईच्या सान्निध्यांत' म्हणून मिरवला तर आम्हांस आश्चर्य वाटणार नाहीं.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब गेलें वर्षभर असें घर शोधीत आहे. महाल भागांत त्यांचा पिढीजाद वाडा. तीन भाऊ, त्यांच्या बायका, दोन सुना, शाळेंत जाणारीं तीन मुलें आणि वडील बंधूंच्याहून थोरली एक विधवा बहीण, जिला सारें घर आत्या म्हणतें. वाड्याच्या एका बाजूची भिंत पोट काढून उभी राहिली, दुरुस्तीचा आंकडा ऐकून सर्वांची छाती दडपली, आणि अखेर वाडा विकण्याचें ठरलें. येणाऱ्या पैशांत वेगवेगळीं तीन घरें होतील. परंतु वेगळें व्हावें असें कोणाच्याच मनांत नाहीं. वडील बंधूंची एक इच्छा मात्र आहे. लहानपणीं वाड्याच्या गच्चीवरून शुक्रवारी तलावाचें पाणी दिसे; मध्यें इमारती उठल्या आणि तें दिसेनासें झालें. उरलेलीं वर्षें सकाळची संध्या आटोपल्यावर पाण्याकडे पाहत बसावें, एवढेंच त्यांचें मागणें.

मागणें लहान, पण किंमत मोठी. तलावाच्या समोर जे फ्लॅट त्यांस दाखविण्यांत आले, त्यांतील एक घेण्यांतच सगळी रक्कम संपत होती, व त्या एकांत एवढीं माणसें राहणें अशक्य. तळ्यापासून थोडें दूर गेलें तर त्याच पैशांत शेजारशेजारचे दोन फ्लॅट मिळत होते. आम्ही त्यांच्याकडे गेलों असतां हाच वाद चालला होता. मधल्या दिरास उद्देशून वहिनी म्हणाल्या, "यांना तळें हवें तें मला ठाऊक आहे, भाऊजी. पण सणावारीं सगळ्यांचीं पानें एका ओळींत मांडतां येतील एवढी जागा नसेल, तर दोन वर्षांत आपण तीन ठिकाणीं असूं. मास्तर, तुम्हीच सांगा." आम्हीं तेव्हां कांहींच सांगितलें नाहीं. वडील बंधूहि गप्प होते, आणि त्यांच्या त्या गप्प बसण्यामुळेंच मंडळींस अधिक वाईट वाटत होतें.

अशा वेळीं भावनेची बाजू कांहीं काळ दूर ठेवून आधीं जमीन पाहावी, असें आमचें मत आहे. तळ्याला वरचें अंग असतें आणि खालचें अंग असतें, ही गोष्ट शहरांतील मनुष्य विसरून गेला आहे. आमच्याकडील बहुतेक तळीं म्हणजे ओढ्याला किंवा नदीला पाळ घालून अडविलेलें पाणी. अंबाझरी ही अशीच, नागपूरच्या पश्चिमेकडून येणाऱ्या नाग नदीवर आहे. पाळीवर पाण्याकडे पाठ करून उभें राहावें. पुढें जें उतारावर दिसतें तें खालचें अंग. तेथील घरें तळ्याजवळ आहेत यांत शंका नाहीं; परंतु तीं तळ्याच्या पायथ्याशीं आहेत. २०२३ सालीं २२ सप्टेंबरची मध्यरात्र उलटल्यावर नागपुरांत अवघ्या कांहीं तासांत शंभर मिलीमीटरांहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी ओसंडून वाहूं लागला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भल्या वस्त्यांत पहांटेपूर्वींच पाणी शिरलें. झोंपलेल्या माणसांना होड्यांतून बाहेर काढावें लागलें, आणि प्राणहानीहि झाली. सांडव्यापुढील मार्गांत व नदीच्या पात्रांत झालेल्या बांधकामांचा प्रश्न त्यानंतर उच्च न्यायालयापुढें गेला. हीं घरें कांहीं झोपड्या नव्हत्या. शहरांतील महागड्या घरांत त्यांची गणना होते. किंमत अधिक दिली म्हणजे पाणी उंबऱ्याबाहेर थांबतें, असा नियम नाहीं.

नदीकांठच्या जमिनींसाठीं सरकार नकाशावर दोन रेषा आंखतें. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, व तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यांत निर्बंध, अशी सामान्य व्यवस्था आहे. घर दाखविणारा गृहस्थ हंसून म्हणतो, "शंभर वर्षांतून एकदां, साहेब! तोंवर तुम्ही-आम्ही कोठें?" आम्हीं चाळीस वर्षें मुलांना गणित शिकविलें, म्हणून हें वाक्य ऐकून आम्हांस स्वस्थ बसवत नाहीं. शंभर वर्षांतून एकदां याचा अर्थ शंभरावे वर्षीं असा नव्हे; दर वर्षीं शंभरांत एक एवढा संभव, असा आहे. वीस वर्षांचें कर्ज काढून घर घेणाऱ्यास कर्ज फिटण्यापूर्वीं असा पूर निदान एकदां गांठण्याचा संभव १०० त १८ इतका येतो. निळ्या रेषेसंबंधीं हाच हिशेब केला तर १०० त ५६! नाणें उडवून छाप पडण्यापेक्षांहि हा संभव अधिक आहे. तेव्हां खालच्या अंगास घर घेऊंच नये काय? पुरेशा उंचीवर असेल, पायथा जमिनीपासून चांगला उचललेला असेल व सांडव्याचें पाणी दुसरीकडून जात असेल तर घेण्यास हरकत नाहीं. परंतु तळमजला तेवढा वर्ज्य समजावा. चौकशीहि दलालाजवळ करूं नये. कोपऱ्यावरचा पानवाला, इस्त्रीवाला, जुना पहारेकरी यांना विचारावें. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याची ओळ उमटली आहे काय, व जुन्या रहिवाशांनीं विजेचे मीटर छातीच्या वर कां बसविले आहेत, हें आपल्या डोळ्यांनीं पाहावें. त्या मीटरांइतकी खरी साक्ष दुसरी नाहीं.

वरच्या अंगाची गोष्ट निराळी आहे. अंबाझरीच्या वरच्या अंगास हिंगण्याच्या रस्त्यानें सुभाषनगर, वासुदेवनगर, लोकमान्यनगर अशा वस्त्या लागतात. या बाजूस कारखान्यांचा टापू जवळ, म्हणून धरमपेठेंतील मंडळी पूर्वीं इकडे घर घेण्यास नाक मुरडीत. २०२० पासून मेट्रो सुरू झाली, ती तलावाच्या बगलेनेंच जाते. गाडींतून पाणी तर दिसतेंच, शिवाय सीताबर्डीस येण्यास भर दुपारींहि वाहनाची विवंचना राहत नाहीं. तळ्याला लागून घर घेण्यापेक्षां एखाद-दोन स्थानकें पलीकडे घर घेणें पुष्कळांच्या ऐपतीस झेपेल, असें आम्हांस वाटतें.

आतां केवळ दिसण्याची किंमत काय, तें पाहूं. समजा, ३० लक्ष रुपयांचें कर्ज सालीना ९ टक्के व्याजानें २० वर्षांसाठीं काढलें. तर दरमहा हप्ता सुमारें २७,००० रुपये बसतो व वीस वर्षांत सुमारें ६५ लक्ष रुपये भरावे लागतात. तळें दिसतें म्हणून त्याच घराचे ५ लक्ष अधिक मागितले व तेहि कर्जानेंच उभे केले, तर हप्ता ४,५०० रुपयांनीं वाढतो. म्हणजे पाणी पाहण्याचें भाडें रोजचें दीडशें रुपये! ढग असोत, रात्र असो, आपण गांवीं गेलेले असूं, तरी हें भाडें चुकत नाहीं. एवढ्या पैशांत घरांतील चार माणसें रोज मेट्रोनें तळ्यावर जाऊन, चणे-फुटाणे खाऊन परत येतील. अर्थात् जें आजारपणामुळें खालीं उतरूं शकत नाहीं अशा माणसासाठीं कोणीं हें भाडें भरलें तर त्यास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाहीं. शिवाय हें दर्शन टिकेल याची हमी काय? फुटाळा तलाव मानवनिर्मित असल्यामुळें तो २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतील व्याख्येंत बसत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं ठरविलें. मानवनिर्मित जलाशयहि लोकांची ठेव म्हणून सांभाळले पाहिजेत, हें तत्त्व न्यायालयानें मान्य केलें, ही समाधानाची गोष्ट आहे, व नीलकंठ भट्टांसहि ती मान्य झाली असती. परंतु आज खिडकीसमोर दिसणारी मोकळी जागा उद्यांहि मोकळी राहील, असा भरंवसा त्या नियमांवर विसंबून कोणीं धरूं नये. पुढल्या भूखंडाचा मालक कोण व त्यावर किती मजल्यांस परवानगी मिळूं शकते, हें महापालिकेच्या किंवा सुधार प्रन्यासाच्या नगररचना खात्यांत विचारण्यास एक दिवस पुरतो.

कागदपत्रांविषयीं लिहावें तितकें थोडें. तरी नागपुराकडची एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. शहराच्या कडेला शेतजमिनी तुकडे पाडून विकण्याची चाल तेथें फार पूर्वींपासून पडली. अशा अभिन्यासांना नियमित करण्यासाठीं २००१ सालीं गुंठेवारीचा कायदा झाला, आणि नियमित झाल्याचें जें पत्र मिळतें त्याला तेथें सर्वजण 'आर. एल.' म्हणतात. भूखंड दाखविणारा म्हणतो, "आर. एल. होऊन जाईल." हा भविष्यकाळ आहे. घराच्या कागदांत आम्ही केवळ भूतकाळ मानतों. पत्र झालें असेल तर दाखवावें, नसेल तर नमस्कार करून उठावें. नव्या इमारतींतील फ्लॅट असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचा आधार आहे. भूखंड ५०० चौरस मीटरांहून मोठा व सदनिका आठांहून अधिक असतील तर त्या प्रकल्पाची नोंदणी असलीच पाहिजे. लेखी व नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याची बिल्डरला मनाई आहे, व क्षेत्रफळ कार्पेटच सांगितलें पाहिजे. तरी बोलतांना 'हजार फूट' हा शब्द अजून चालतोच. त्यांत ३० टक्के भार चढविलेला असेल तर प्रत्यक्ष पायाखालीं येतात ते सुमारें ७७० फूट. बाकीचे जिन्यांत, लिफ्टमध्यें व बोलणाऱ्याच्या तोंडांत. खरेदी घरांतील स्त्रीच्या एकटीच्या नांवें केली तर महाराष्ट्रांत मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत मिळते, याचाहि विसर पडूं देऊं नये. आमच्या घरांतून हा विचार अजून शेवटीं सुचतो.

घर एकदां पाहून पुरत नाहीं. वैशाखांत पाहावें, म्हणजे तळ्यांत पाणी उरतें कीं नाहीं तें कळतें. सोनेगांवचा तलाव कांहीं उन्हाळ्यांत आटलेला नागपूरकरांनीं पाहिला आहे. श्रावणांत पाहावें, म्हणजे भिंतींची ओल व तळघराची अवस्था समजते. तिन्हीसांजेस पाहावें, म्हणजे डांस व दुर्गंधि यांचा अंदाज येतो. वस्तीचा नाला तळ्यांत सोडलेला असेल तर वारा फिरतांच नाकास सांगावें लागत नाहीं. सुटीच्या दिवशीं रात्रीं नऊ वाजतां तर अवश्य पाहावें. फुटाळ्यासारख्या ठिकाणीं त्या वेळीं गर्दी, मोटारींचे भोंगे व खाद्यपदार्थांच्या गाड्या यांचा जो मेळा भरतो, तो तरुणांस आवडेल. ब्रह्ममुहूर्तीं उठणाऱ्या आत्यांस मानवणार नाहीं. नागपूरच्या पुष्कळ भागांतील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. जुन्या घराच्या भिंतींत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा गेल्या असतील तर पाया वरवरचा असण्याची शंका घ्यावी आणि जाणत्या माणसास दाखवावें.

आमच्या स्नेह्यांनीं यांपैकीं बरेंचसें केलें. सुभाषनगराच्या पुढें, तलावाच्या वरच्या अंगास एका पंधरा वर्षें जुन्या इमारतींत दुसऱ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन फ्लॅट त्यांस पसंत पडले आहेत. लिफ्ट आहे. खिडकींतून तळें दिसत नाहीं. पायीं दहा-बारा मिनिटांवर आहे. वडील बंधू कोणास न सांगतां एके दिवशीं पहांटे एकटेच मेट्रोनें तेथें गेले, तासभर कांठावर बसले व घरीं येऊन "चालेल" एवढेंच म्हणाले. वहिनींनीं त्यांस चहा दिला व पुढें कांहीं विचारलें नाहीं. आतां एकच प्रश्न उरला आहे. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्यें जी भिंत आहे तींत दरवाजा पाडतां येतो कीं नाहीं, म्हणजे ती भार घेणारी भिंत आहे कीं नुसती आडभिंत, हें अभियंत्याकडून पाहून घ्यावयाचें आहे. महापालिकेची व संस्थेची परवानगीहि लागेल. अभियंता पुढच्या रविवारीं येणार आहे. भिंत आडभिंत निघाली तर इसार द्यावयाचा. नाहीं तर पुन्हां शोधास निघावयाचें, असें घरांतील सर्वांनीं मिळून ठरविलें आहे.